अण्णांची उभी रेघ

आमच्या घरात इंग्रजी कुणालाच बोलता येत नव्हतं, पण ग्रीक आणि लॅटिन सगळ्यांना थोडंथोडं यायचं. माय चौथीपर्यंत शिकलेली, तरी वरणात पाणी जास्त झालं की स्वतःच हसून म्हणायची, "आज हायड्रो लई झालं बघा." अंगणातल्या गोगलगायीला मी पोटपाय म्हणायची आणि वटवाघळाला हातपंखी, कारण त्यांच्या शास्त्रीय नावांचा अर्थ तोच होता. शेजारच्या बायकांना वाटायचं, या घरातल्या माणसांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही.

हे सगळं अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. काचेच्या बरण्या पुसायच्या, त्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, प्रॅक्टिकलच्या आधी टेबलांवर ट्रे मांडायचे आणि नंतर धुवायचे, हे त्यांचं काम. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तेच केलं. फॉर्मॅलिननं त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली होती, आणि कितीही साबण लावला तरी हाताला तो नाक चुरचुरवणारा वास राहायचा. मला तो वास आवडायचा. अजूनही कुठल्या प्रयोगशाळेत शिरले आणि तो वास आला की मी क्षणभर दारात थांबते.

सर वर्गात बरणीतला प्राणी दाखवत बोलायचे तेव्हा ती बरणी धरून अण्णा बाजूला उभे असायचे. "हात गुंतलेले, पण कान मोकळेच होते की," असं ते सांगायचे. त्यातून त्यांना शब्दांचा नाद लागला. एकदा विभागातली रद्दी निघाली, तिच्यात पुठ्ठा नसलेली एक इंग्रजी डिक्शनरी होती. अण्णांनी ती मागून घेतली. तिच्या शेवटच्या पानांवर इंग्रजीत ग्रीक आणि लॅटिनमधून आलेल्या तुकड्यांची यादी होती, आणि पुढे कॉलेजातल्या कुणाकुणाला विचारून त्यांनी त्या यादीवर मराठीत अर्थ लिहून काढले. घरात देवाचा फोटो नव्हता. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असलेल्या फळीवर, खालच्या कप्प्यात ती डिक्शनरी असायची.

त्यांची शिकवायची एक पद्धत होती. शर्टाच्या खिशात पेन्सिल कायम. मुलांनी टाकून दिलेल्या जर्नलच्या कोऱ्या बाजूवर ते एखादा लांबलचक शब्द लिहायचे, माझ्यासमोर ठेवायचे आणि त्या शब्दाच्या मधोमध एक उभी रेघ मारायचे. मग पेन्सिल माझ्या हातात. दोन्ही तुकड्यांखाली मी अर्थ लिहायचा. तो लिहीपर्यंत पुढचा शब्द मिळायचा नाही, आणि कधीकधी जेवणही नाही. आर्थ्रोपोडा. आर्थ्रो म्हणजे सांधा, पोडा म्हणजे पाय. खेकडा, विंचू, झिंगा, सगळे सांध्यांच्या पायांचे.

"शब्दाला भ्यायचं न्हाई बाई," अण्णा म्हणायचे. "त्यालाबी सांधा असतोय. सांधा सापडला की सुटतोच."

अण्णांचं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं होतं. त्यामुळे विभागातल्या सगळ्या बरण्यांची लेबलं तेच लिहायचे. वर प्राण्याचं नाव, खाली वर्ग, आणि सगळ्यात खाली नमुना गोळा करणाऱ्याचं नाव. आसना नदीवर सकाळी जाऊन खेकडे आणायचे अण्णा. अर्धापूरला माझ्या आजोळी गेलो की केळीच्या बागेतून गोगलगायी डब्यात भरून आणायचे अण्णा. पण शेवटच्या ओळीत नाव सरांचं. ते नावही अण्णाच लिहायचे, तितक्याच देखण्या अक्षरात. मी एकदा विचारलं, तुमचं का नाही लिहीत? तर म्हणाले, "आगं, बरणी कुणी भरली ते खेकड्याला ठाऊक हाय की." मी हसले. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. त्या हसण्यात ते सामील झाले नव्हते, हे मला आता आठवतं.

त्याच अर्धापूरच्या बागेत त्यांना केळीच्या शास्त्रीय नावानं पछाडलं. मुसा. डिक्शनरीच्या यादीत हा तुकडा नव्हता. महिनाभर त्यांना चैन पडलं नाही. शेवटी मशिदीजवळच्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याला अरबी येतं म्हणून त्याच्याकडे गेले, आणि त्यानं सांगितलं की अरबीत केळाला मौज म्हणतात, त्यावरूनच असणार. अण्णा सायकल हाणत घरी आले ते दारातूनच ओरडत, "लॅटिन न्हाई! अरबी हाय! आपल्या अत्तरवाल्याच्या भाषेतलं हाय!" माय म्हणाली, "मग आता जेवता का?" त्या दिवशी आमच्याकडे शिकरण झाली.

दहावीनंतर मला लातूरला पाठवलं. डॉक्टर व्हायचं तर लातूर, हे आमच्याकडे प्रत्येक घरात ठरलेलंच असतं. एका खोलीत चार मुली, मेसचा डबा, आणि सकाळपासून क्लास. आम्ही बहुतेक मराठी माध्यमातल्या. जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडलं की हिमायतनगरहून आलेली माझी खोलीतली मैत्रीण अक्षरशः रडायची. मला मात्र त्या पुस्तकात सगळी ओळखीची माणसं भेटायची. प्लॅटिहेल्मिंथिस हा शब्द फळ्यावर आला तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला आणि मी एकटीच मागच्या बाकावरून म्हणाले, "चपटे जंत." सर वळले. त्यांनी एकामागून एक शब्द विचारले, मी सांगत गेले. काटेरी कातडीचे. दोन्हीकडे जगणारे. डोक्याला पाय असलेले.

सर खूश झाले. त्यांनी विचारलं, "कुणी शिकवलं गं तुला हे?"

वर्गात दीडशे पोरं होती. माझ्या पुढच्याच बाकावर एका सर्जनची मुलगी बसायची. मी म्हणाले, "आमच्या नात्यात एक प्राध्यापक आहेत, त्यांनी."

मला कुणी टोचलं नव्हतं, हिणवलं नव्हतं. कौतुक चालू होतं, आणि त्या कौतुकाला शोभेल असा माणूस मी उभा केला. खोटं बोलायला मला विचारही करावा लागला नाही, याची मला आजही लाज वाटते.

लगेच पुढचा शब्द आला. फॉर्मॅलिन. हा तर घरचाच. मी ठणकावून सांगितलं, "फॉर्म म्हणजे आकार. मेलेल्या प्राण्याचा आकार टिकवतं, म्हणून फॉर्मॅलिन." अण्णांनी मला तसंच शिकवलं होतं. डिक्शनरीच्या यादीत हा शब्द नव्हता, पण इतकी वर्षं बरण्यांतले बेडूक जसेच्या तसे राहिलेले त्यांनी पाहिले होते, त्यावरून त्यांनी तो अर्थ स्वतःच लावला होता. यात त्यांना कधी शंका आली नाही. सर हसले. म्हणाले, फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. मुंग्यांपासून पहिल्यांदा जे आम्ल काढलं ते फॉर्मिक, आणि त्याच घराण्यातलं हे फॉर्मॅलिन. "तुझ्या प्राध्यापकांना सांग हो!" सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण ते हसणं एका नसलेल्या प्राध्यापकावर गेलं होतं. बरं झालं अण्णांचं नाव घेतलं नाही, असंसुद्धा मला त्या क्षणी वाटलं. माणूस स्वतःला कसं समजावतो, काही विचारू नका.

दिवाळीला घरी आले तेव्हा पायरीवर बसून अण्णांना जरा तोऱ्यातच सांगितलं की तुमचं फॉर्मॅलिन चुकलं, ते मुंगीवरून आलंय. मला वाटलं, त्यांना लागेल. त्यांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मग मांडीवर थाप मारली.

"मुंगी! आयला, मुंगी!" ते उठून घरात गेले, डिक्शनरी काढली, शेवटच्या पानावर फॉर्मॅलिनपुढे स्वतःच पेन्सिलीनं लिहिलेला आकार खोडला आणि मुंगी लिहिलं. मायला हाक मारून सांगितलं. चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी नंतर पाहिला नाही. मग ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "मग सरांनी इचारलं असंल की, बाकीचं कुणी शिकवलं म्हनून?"

"हो, विचारलं."

"मग? सांगितलंस?"

"सांगितलं की."

"काय म्हनले?"

"चांगलं म्हणाले. वडिलांना नमस्कार सांग म्हणाले."

ते चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. पण दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर, गल्लीत, उमरीच्या आत्याकडे, सगळीकडे ती गोष्ट गेली. लातूरच्या एवढ्या मोठ्या सरांनी आपल्याला नमस्कार सांगितला. निवृत्तीच्या दिवशी विभागात छोटासा समारंभ झाला, तिथेही त्यांनी ती सांगितली. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या सगळ्या नोकरीत शिकलेल्या जगाकडून त्यांना मिळालेली एवढीच एक पावती, आणि ती मी घरी बसून छापली होती.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. रडले, सावरले, नांदेडला एमएस्सी केली आणि शेवटी लातूरलाच क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. पोरं मला रेघ मॅडम म्हणतात. माझ्या कानावर जाणार नाही अशा बेतानं म्हणतात, पण मला सगळं ऐकू येतं. फळ्यावर शब्द लिहायचा, उभी रेघ मारायची, खडू पोरांच्या हातात द्यायचा. वाड्यातांड्यांवरची, वस्त्यांवरची पोरं येतात, पुस्तक बघून आधी घाबरतात, आणि चार महिन्यांत ग्रीक तुकडे गोट्यांसारखे खेळवतात. तीन वर्षांपूर्वी क्लासच्या मालकांनी म्हटलं, मॅडम, याची एक पुस्तिका काढू. काढली. पंचाऐंशी पानांची. मुखपृष्ठावर माझं नाव. आत मनोगत होतं, त्यात मालकांचे आभार होते, विद्यार्थ्यांचे होते, छापखान्याचेही होते.

पुस्तिका अण्णांना दाखवायला नांदेडला गेले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत वाचायला लागले. मनोगताचं पान त्यांनी वाचलं. उलटलं. मग पुन्हा मागं येऊन एकदा वाचलं. मला तेव्हा कळलं की ते काय शोधताहेत.

"छान छापलंय," ते म्हणाले. "कागद चांगला हाय."

पुढच्या आवृत्तीत घालू, असं मी मनात म्हटलं. पुढची आवृत्ती कधीही काढता येते असं आपल्याला वाटत असतं. गेल्या वर्षी श्रावणात अण्णांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. दवाखान्यातल्या कागदावर दोन शब्द होते. मी सवयीनं पर्समधली पेन्सिल काढली आणि तिथेच रेघा मारल्या. हेमी, अर्धं. प्लेजिया, आघात. दुसरा शब्द अफेजिया. अ, नाही. फेजिया, बोलणं. सांधा सापडला, आणि काही म्हणता काही सुटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतं हे सांगता येत नाही. वाचता येईल का, तेही सांगता येत नाही. एक शब्द मात्र तोंडात राहिला होता. हाव, म्हणजे आमच्याकडचं हो. पाणी हवं असलं तरी हाव, नको असलं तरी हाव. माय विचारायची, दुखतंय का? हाव. बरं वाटतंय का? हाव. "आता भांडायला मज्जा न्हाई राहिली," माय म्हणायची, आणि पदरानं त्यांचं तोंड पुसायची.

मी दर शनिवारी क्लास संपला की लातूरहून एसटीनं यायला लागले. एका रविवारी माय भाजी आणायला गेली होती. मी खुर्ची कॉटजवळ ओढली आणि सगळं सांगून टाकलं. वर्गात काय झालं, नसलेला प्राध्यापक, खोटा नमस्कार, सगळं. सांगताना मला हुंदका आवरेना. अण्णा खिडकीकडे बघत होते. मी विचारलं, "अण्णा, माफ केलंत का?"

"हाव," ते म्हणाले.

मी त्या शब्दाचं काय करणार होते? तोच शब्द त्यांनी तासाभरापूर्वी पंख्याला उद्देशून म्हटला होता. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, हे कळायला कसलाच मार्ग नव्हता. आणि पोचलं नसेल तर आता ते कधीच पोचणार नव्हतं. परत जाताना लोह्यापर्यंत मी एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले, कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं तेव्हा भानावर आले.

या उन्हाळ्यात दुसऱ्या आवृत्तीचं ठरलं. मी मनोगत पूर्ण नवं लिहिलं. ही पद्धत माझी नाही, असं पहिल्याच ओळीत. मग अण्णांचं पूर्ण नाव, आणि त्याखाली प्रयोगशाळा परिचर. मग डिक्शनरी, पेन्सिल, अत्तरवाला. आणि मला फार आवडणारी एक गोष्ट: आकार टिकवतं ते फॉर्मॅलिन, असं ते सांगायचे. खरा अर्थ आत त्याच्या जागी होताच. मनोगतात मात्र मला अण्णांचाच अर्थ हवा होता. बरण्या पुसणाऱ्या माणसाला सुचलेला म्हणून तो मला जास्त जवळचा वाटत होता.

प्रूफ हातात आलं त्याच शनिवारी मी नांदेडला निघाले. रविवारी सकाळी मायनं अण्णांना खुर्चीत बसवलं, मागं उशी दिली. मी त्यांना चष्मा लावला आणि मनोगताचं पान पाटावर ठेवून मांडीवर दिलं. त्यांनी पानाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग परत पानाकडे. डाव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर आलं आणि सरकायला लागलं. ते नावापाशी आलं आणि थांबलं. खूप वेळ तिथंच होतं. मला वाटलं, दमले. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता, कायला तरास देऊन राहिली त्यांना."

बोट पुढे निघालं. पानाच्या खालच्या भागात आलं आणि एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हाव," ते म्हणाले. "हाव, हाव." डावा हात छातीशी खिसा चाचपायला लागला. खिशात काही नव्हतं. मला एकदम उमगलं आणि मी पर्समधली पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.

डाव्या हातानं, सगळा जीव लावून, त्यांनी आकार टिकवतं ते फॉर्मॅलिन हे वाक्य खोडलं. एकदा खोडून समाधान झालं नाही, म्हणून परत खोडलं. मग त्याच्या वर लिहायला लागले. ज्या माणसाचं अक्षर छापल्यासारखं होतं, त्याचं ते अक्षर बालवाडीतल्या पोरासारखं वेडंवाकडं आलं. अनुस्वार कुठल्या कुठं गेला. पण वाचता येत होतं. मुंगी.

माय आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. त्यांना वाचता येत होतं. त्यांना कळत होतं. नाव वाचून झाल्यावर ते हरखून बसले नव्हते, सरळ चुका तपासायला लागले होते. माझ्या गोड आठवणीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, चूक ती चूक. मी रडत होते आणि हसतही होते, आणि माय मला म्हणत होती, "पोरी, आता तरी नीट लिव्ह."

पान परत घ्यायला गेले तर अण्णांनी सोडलं नाही. त्यांनी त्याची एका हातानं घडी घातली, ती तिरपी झाली, आणि तशीच खिशात कोंबली. वर पेन्सिल खोचली. मग मी विनवण्या करून, घटकाभरासाठी म्हणून ते पान मागून घेतलं, मोबाइलवर फोटो काढला, छापखान्याला पाठवला आणि पान परत खिशात ठेवलं.

पाच मिनिटांत छापखानेवाल्याचा फोन आला. त्याचा आवाज मोठा, फोनमधून खोलीभर ऐकू येतो.

"मॅडम, ही दुरुस्ती तुमच्या अक्षरात दिसत न्हाई. कुणी केली?"

मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले. "कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. हे सगळं मला त्यांनीच शिकवलंय. आहे तशी घ्या."

कुणी काही विचारलं नव्हतं, तरी अण्णा म्हणाले, "हाव."